चाळीस तारांचं चाक

३ ऑगस्ट १९९८, सोमवार

जेवताना अण्णांनी सांगितलं की दुकान बंद करायचं ठरलंय. भाजीत मीठ कमी आहे म्हणावं तितक्या सहज. रविवार कारंजावरचा आपला सायकलचा गाळा दसऱ्यापासून यादव नावाच्या गृहस्थांना भाड्याने द्यायचा. ते तिथे एसटीडी बूथ आणि झेरॉक्सचं मशीन टाकणार. तासाच्या भाड्याने सायकल आता कोणी नेत नाही, पोरंसोरं स्कूटी फिरवतात, आणि संतोषला कॉम्प्युटर क्लासपलीकडे जग नाही. मग दुकान सांभाळणार कोण, असं अण्णांनी वरणाच्या वाटीला विचारलं.

मी म्हटलं, मी.

संतोषला ठसका लागला. धाकटा भाऊ आहे म्हणून सोडला. आईने अण्णांकडे पाहिलं. अण्णा उठले, हात धुतले, ओले हात तसेच खिशात घातले आणि ‘नाही’ म्हणून बाहेर निघून गेले. एवढंच. मी बी.कॉम. झालेली मुलगी आहे, तेही एकदाच नापास होऊन. माझ्याशी दोन वाक्यं बोलायला काय हरकत होती?

४ ऑगस्ट

आज दुकानातच गाठलं त्यांना. बाकड्याखाली गुडघ्यांवर रांगत सांडलेले छर्रे शोधत होते. चाकाच्या मधल्या हबमध्ये घालायच्या त्या बारीक गोळ्या, अख्ख्या दुकानभर पसरलेल्या. मला हसू आवरेना. चार आण्यांच्या वस्तूसाठी नाशकातला नामांकित कारागीर जमिनीवर. त्यांना माझं हसणं आवडलं नाही.

मी सरळ म्हटलं, मला काम शिकवा, दुकान मी चालवते.

“हे काम हाताने दाखवून शिकवावं लागतं,” अण्णा म्हणाले. “मी दाखवणार नाही.”

कळलं मला काय कळायचं ते. चाक बांधावं तर धनराजनं, असं अण्णांचं नाव घेऊन अजून लोक म्हणतात, पण ती विद्या मुलीला द्यायची नाही. ठीक आहे. माझ्याही नाकावर राग त्यांच्याकडूनच आलाय.

५ ऑगस्ट

आईने चपात्या लाटता लाटता सहज म्हटलं, पुलापलीकडे नाथाभाऊ आहेत की.

मला तर टाळीच वाजवावीशी वाटली. नाथाकाकांचं दुकान पंचवटी कारंजाजवळ. ते आणि अण्णा एकाच उस्तादाकडे शिकले, आणि सतरा वर्षं एकमेकांशी बोलत नाहीत. कारण काय, तर गणपतीतली हळू सायकल चालवायची स्पर्धा. शेवटी पोचेल तो जिंकणार, पण पाय टेकला की बाद. काकांचा पाय टेकला असं अण्णांचं म्हणणं. काकांचं म्हणणं, पाय नव्हे, चप्पल गळून पडली. एका चपलेपायी सतरा वर्षं! आमच्या शहरात दोनच माणसं असं करू शकतात.

घाबरत घाबरत गेले. काका एका ट्यूबला सोल्युशन लावत होते. मी काय बोलायचं ते पाठ करून गेले होते, पण त्यांनी अर्ध्यावरच थांबवलं. “उद्या आठला ये, पोरी. जुनी कापडं घालून ये. वढणी नको, चेनमधी जाती.” माझं नावही विचारलं नाही. बहुतेक चेहऱ्यावरून ओळखलं, अण्णांचं नाक आहे मला.

संध्याकाळी घरात जाहीर केलं. मोठा भडका उडेल म्हणून मी खिडक्यासुद्धा लावून घेतल्या होत्या. अण्णा फक्त म्हणाले, दसऱ्याच्या आत नाथाने तुला कारागीर म्हटलं तर मी यादवांना नाही म्हणेन. सतरा वर्षं ज्याच्याशी बोलत नाहीत, त्याचा शब्द चालेल म्हणे. म्हणजे मी नापास होणार याची त्यांना किती खात्री असेल बघा. आता तर मी करूनच दाखवते.

१२ ऑगस्ट, बुधवार

आठवडाभर नुसती हवा भरली आणि पंक्चर काढले. पंक्चर काढणं म्हणजे काय मोठं, असं मला वाटायचं. ट्यूब पाण्याच्या घमेल्यात धरायची, बुडबुडा आला की भोक सापडलं. पण भोक सापडल्यावर टायरच्या आतून बोट फिरवून काटा काढायचा असतो, हे मी विसरले. एकाच गिऱ्हाइकाचं पंक्चर तीनदा काढलं. तिसऱ्यांदा तो गृहस्थ मला नमस्कार करून गेला.

काकांना मात्र अंतर्ज्ञान आहे. सकाळी म्हणाले, आज ब्रेक शिकायचा. आणि तासाभरात एक माणूस नेमकी ब्रेक गेलेली सायकल घेऊन हजर! लहानू त्याचं नाव, पेठ गावाकडचा. गेल्या बुधवारीही म्हणे हाच माणूस पंक्चर काढायला येऊन गेला, मी पोचायच्या आधी. अगदी गरीब माणूस, मी ब्रेकच्या चार रबरांतली दोन उलटी बसवली तरी हूं की चूं केलं नाही.

घरी अण्णांचं वेगळंच चाललंय. रोज सलूनमध्ये जाऊन दाढी! तीस वर्षं आरशाच्या तुकड्यासमोर घरी केली. आणि आता बटणाचे शर्ट सोडून गोल गळ्याचे टी-शर्ट. दुकान भाड्याने जायच्या आधीच माणूस हीरो झाला. आईला म्हटलं, लक्ष ठेव. ती उगीच माझ्यावर खेकसली.

१९ ऑगस्ट, बुधवार

काका सकाळी म्हणाले, पायडल. दहाला लहानू आला. पायडल करकरतंय.

सायकल वेगळी होती. विचारलं तर म्हणाला, सायकली गावातल्यांच्या आहेत. पेठला सायकलवाला नाही? नाही म्हणे. मागच्या मडगार्डवर ताजा काळा रंग, तो माझ्या कमीजला लागला. गेल्या वेळच्याही मडगार्डला असाच ओला रंग होता. या गावच्या लोकांना मडगार्ड रंगवायचा काय नाद आहे कळत नाही.

पायडल आज पूर्ण उघडलं, धुतलं, जोडलं. एक छर्रा उरला. काका म्हणाले, सायकल कधी काही जादा देत नाय, परत उघड. परत उघडलं.

२० ऑगस्ट

डोळ्याला डोळा नाही. एक माणूस पेठवरून पन्नास किलोमीटर एसटीच्या टपावर सायकल टाकून दर बुधवारी येतो, एका पायडलसाठी. याचा अर्थ एकच होतो. निकिताला, माझ्या मैत्रिणीला, सांगितलं. ती म्हणाली, अगं तुझ्यासाठीच येतो तो.

मला अशा भानगडीत पडायचं नाही. माझं ध्येय वेगळं आहे.

२६ ऑगस्ट, बुधवार

फटफजिती लिहून ठेवते, म्हणजे पुन्हा होणार नाही.

लहानू आला. या वेळी फ्रीव्हील. पायडल उलटं फिरवलं की टकटक वाजतं ते. त्याच्या आत दोन खटके असतात, कारागीर त्यांना कुत्री म्हणतात. एक कुत्रं तुटलं होतं. काका गणपतीचे मोदक आणायला गेले होते, म्हणून मी संधी साधली. हात पुसले आणि पाठ केलेलं बोलले. तुम्ही सज्जन आहात, पण माझ्या मनात लग्नाचा विचार नाही, तेव्हा उगीच त्रास घेऊन येत जाऊ नका.

“ताई,” लहानू म्हणाला, “माझी दोन पोरं हायेत. थोरला चौथीत हाय.”

मग मी विषय बदलायला म्हणून म्हटलं, बरं, एक चक्कर मारून बघा, कुत्री नीट लागली का. तर म्हणाला, मला सायकल चालवता येत नाही. खरंच, आजवर त्याला सायकलवर बसलेलं मी पाहिलंच नाही, नेहमी हाताने ढकलत आणतो आणि ढकलत नेतो. सायकल न येणारा माणूस गावभरच्या सायकली दुरुस्तीला आणतो! खेड्यातली माणसं किती भोळी असतात. मला त्याची कीव आली, स्वतःची जास्त.

९ सप्टेंबर, बुधवार

आज सगळं सोडून द्यावं असं वाटतंय.

भाजी बाजारात बसणाऱ्या बायडाबाईंची सायकल काल मी केली. त्या टोपली बांधून ढकलत नेतात. मागच्या हबचे कोन, म्हणजे छर्रे दाबून धरणारे ते निमुळते नट, मी दात ओठ खाऊन आवळले, हलायला नको म्हणून. आज पहाटे नदीकडच्या उतारावर चाक जाम झालं. टोमॅटो सगळे गंगेवर, गोदावरीच्या घाटभर. बायडाबाई दुकानात आल्या आणि त्यांनी माझा, माझ्या शिक्षणाचा आणि मला जन्म देणाऱ्यांचा यथेच्छ समाचार घेतला. अर्धा बाजार जमला होता. सगळं बोलून झाल्यावर सायकल माझ्याच पुढ्यात टाकली आणि म्हणाल्या, आता नीट कर, मी चहा पिऊन येते.

नीट केली कशीबशी. पण घरी आल्यावर मोरीत बसून रडले. मला हे येणार नाही. हाताला कळत नाही किती आवळायचं. अण्णांना ते दिसलं होतं म्हणूनच ते नाही म्हणाले असतील.

आई तोंड पुसायला टॉवेल घेऊन आली. म्हणाली, कोन हाताने लागेपर्यंत फिरवायचा, मग पाव फेरा मागे घ्यायचा आणि मग नट आवळायचा असतो. मी रडायची थांबले. तुला कसं माहीत? तर म्हणे टीव्हीवर दाखवलं. कुठल्या चॅनलवर सायकलचे कोन दाखवतात देव जाणे. आमच्याकडे तर दूरदर्शनच दिसतं.

१० सप्टेंबर

पाव फेरा मागे. लोण्यासारखं फिरलं.

१६ सप्टेंबर, बुधवार

आता शेवटचं. चाक बांधायचं. मोकळं हब, मोकळी रिंग आणि चाळीस तारा. तारा एकमेकींत गुंफून निपलने, म्हणजे टोकावरच्या बारीक नटाने, रिंगला अडकवायच्या, मग चाक फिरवत, जिथे डावीकडे जातं तिथे उजवी तार ताणत, आउट काढत जायचं. आउट म्हणजे वाकडेपणा.

काकांनी मला त्यांच्या उस्तादाची रीत सांगितली. ज्याने चाक बांधलं त्याने ते मागे लावून उस्तादाला कॅरिअरवर बसवायचं आणि होळकर पूल ओलांडायचा. चाक टिकलं तर उस्ताद उतरून कारागीर म्हणतो. नाही टिकलं तर दोघंही उताणे. काका आणि अण्णा दोघांनीही असंच केलं होतं. मी काकांच्या पोटाकडे पाहिलं. काकांनी ते आत ओढलं.

आजच्या दिवसात चाळीस तारा लावल्या. चाक अंड्यासारखं झालंय.

१९ सप्टेंबर

चाक खोललं. दुसऱ्यांदा बांधलं. आता गोल आहे, पण ताटलीसारखं एका बाजूला खोलगट. दसऱ्याला बारा दिवस राहिलेत.

२१ सप्टेंबर

आज मी अण्णांवर डाव साधला. लिहिताना अजून हसू येतंय.

रात्रीचं जेवण झाल्यावर ते बाहेरच्या खोलीत संतोषला चाक बांधायचं सांगत होते. मला नाही, त्याला! वंशाचा दिवा. तोही असा की कानात वॉकमन घालून मान डोलावत बसलेला. अण्णा मोठमोठ्याने सांगताहेत, आधी सगळे निपल सारखे तीन-तीन फेरे बसवायचे, कुठलीच तार आधी ताणायची नाही. चाक फिरवताना डोळे मिटायचे आणि तार बोटाने छेडायची, ढिली असेल ती जाड आवाज देते. घाई केलीस तर रिंग रुसते. मी मोरीत नळ बंद करून कान लावून सगळं ऐकलं. आईही भांडी न वाजवता उभी राहिली, बरं झालं.

त्यांना वाटलं विद्या मुलाला दिली. मिळाली कुणाला? मला.

चहा मात्र हल्ली अर्धाच कप मागतात, ॲसिडिटी आहे म्हणे. एवढं ओरडून बोलल्यावर होणारच.

२९ सप्टेंबर, मंगळवार

चाक झालं. चौथ्यांदा. आज डोळे मिटून चाळीसच्या चाळीस तारा छेडल्या, एकीनेही वेगळा आवाज दिला नाही. काकांनी रिंगेजवळ नख धरलं आणि चाक फिरवलं. नख आणि रिंग यांच्यातली फट कुठेच कमी-जास्त झाली नाही. काका जाऊन दोन भजी खाऊन आले. मग म्हणाले, उद्या खंडेनवमी. सकाळी पूल.

परवा दसरा. यादव उद्याच गाळ्याचं माप घ्यायला येणार आहेत.

३० सप्टेंबर १९९८, बुधवार. खंडेनवमी

सगळं नीट क्रमाने लिहिते, नाहीतर राहून जाईल.

सात वाजता पंचवटी कारंजावर पोचले. काकांनी माझं चाक त्यांच्या सायकलला लावलं होतं. मी म्हटलं, बसा. काका हलले नाहीत.

“रीत उस्तादाला बसवायची हाय,” ते म्हणाले. “म्या नाय तुझा उस्ताद.”

मी समोर पाहिलं तर पुलावरून अण्णा चालत येत होते. टी-शर्टात, हात खिशात. दोघं एकमेकांसमोर उभे राहिले आणि काकांनी विचारलं, नाश्ता झाला का. सतरा वर्षांनी पहिलं वाक्य हे? असं विचारतात जणू कालच भेटलेत.

अण्णा कॅरिअरवर बसले. मी पायडल मारलं. मला बोलायचं खूप होतं, पण चाकाकडे सगळा जीव. पुलाच्या तोंडाशी रिक्षावाले, टांगेवाले, फुलवाले, झेंडूचे ढीग. सायकल सुरेख चालली होती. मग अण्णांनी तोल सांभाळायला दोन्ही हातांनी माझं सीट मागून धरलं.

आणि मला थरथर जाणवली.

बारीक, न थांबणारी, सीटखालून थेट अंगात येणारी. चाक गेलं, मी मनात म्हटलं. एखादी तार सुटली. आता रिंग वाकणार, अण्णा पडणार, गाळा जाणार. पुलाच्या मधोमध ब्रेक दाबला आणि अण्णांना उतरा म्हटलं. सायकल स्टँडवर घेतली, खाली बसून चाक फिरवलं, नख धरलं. सरळ. परत फिरवलं. केसाएवढंही आउट नाही. तारा छेडल्या, सगळ्या घट्ट. मागून रिक्षा हॉर्न वाजवताहेत आणि मी वेड्यासारखी चाक फिरवतेय.

“चाकात काही नाही, तृप्ते,” अण्णा म्हणाले. “तो मी आहे.”

त्यांनी खिशातून दोन्ही हात काढून माझ्यापुढे धरले. थांबतच नव्हते ते हात. दोन वर्षं झाली म्हणाले. औषध चालू आहे, पण हे बरं होत नाही, हळूहळू वाढतं. छर्रा धरता येत नाही, निपलवर पाना लागत नाही. शिकवायचं म्हणजे हाताने दाखवायचं, आणि मला हे दाखवायची त्यांना लाज वाटली.

मला सलूनमधली दाढी आठवली, टी-शर्ट आठवले, अर्धा कप आठवला. या वहीत मी त्यांना काय काय म्हटलंय तेही आठवलं. भर पुलावर मी त्यांचे हात धरले आणि रडले. ते हात माझ्या हातातही थांबले नाहीत. आमच्यामुळे एक टांगा अडला होता.

मग मी नाक पुसलं आणि त्यांना म्हटलं, “बसा अण्णा. नीट धरा. अजून अर्धा पूल राहिलाय.”

ते बसले. त्यांनी धरलं, आणि आम्ही पलीकडे गेलो.

रविवार कारंजावर दुकानाच्या दारात यादव टेप घेऊन उभे. आणि आत, झेंडूच्या माळा घातलेल्या भाड्याच्या सायकलींजवळ लहानू. मला पाहिल्यावर त्याने जीभ चावली आणि हातातला ब्रश पाठीमागे लपवला. तो एका सायकलच्या मागच्या मडगार्डवर पांढऱ्या रंगाने नऊ नंबर पुन्हा काढत होता. त्याच्यामागे ओळीने सात सायकली. ते पायडल, तो ब्रेक, ती कुत्री, सगळं माझ्या ओळखीचं. आमच्याच भाड्याच्या सायकली, नंबर काळ्या रंगाने झाकून अण्णा दर बुधवारी त्याच्या हाती काकांकडे पाठवत होते. दोन महिने मी काकांचं अंतर्ज्ञान आणि पेठच्या लोकांचा भोळेपणा यावर जे लिहिलंय ते कोणी वाचू नये म्हणून ही वही आता कुलपात ठेवावी लागेल. मी गाढव आहे. आणि आईही त्यात सामील होती. दूरदर्शन म्हणे!

अण्णा कॅरिअरवरून उतरले. यादवांना त्यांनी हात जोडले, थरथरत होते तसेच जोडले, लपवले नाहीत. म्हणाले, माफ करा, गाळा द्यायचा नाही. दुकानाला कारागीर मिळाला. यादव भले गृहस्थ. टेप गुंडाळली आणि माझ्याकडे बघत विचारलं की त्यांच्या मुलीच्या सायकलचं मागचं चाक खरखरतं, कधी आणू?

आज पूजा झाली की अवजारांना दिवसभर हात लावायचा नसतो. अण्णा म्हणाले, मग पूजेआधीच आणा, एक काम होऊन जाऊ दे. दहा मिनिटांत मुलगी सायकल घेऊन आली. मी चाक काढलं, हब उघडलं, जुने छर्रे पुसून टाकले. अण्णा समोरच्या स्टुलावर बसले, दोन्ही हात मांड्यांवर उघडे ठेवून. मी नवीन छर्रे एकेक करून बसवू लागले. ते वाकून बघत होते.

“ग्रीस जास्त झालं,” ते म्हणाले.

काकांनी शिकवलं होतं तेवढंच लावलं होतं मी. पण वाद घातला नाही. फडकं घेतलं आणि पुसून कमी केलं.